बोर्डाचा स्क्रू हातात घेण्याआधी

"मशीनला ओला हात लागला की जरा मुंग्या येतात, बाकी काही नाही." हे वाक्य मला महिन्यातून दोन-तीनदा तरी फोनवर ऐकू येतं. मी विचारते, "काकी, किती दिवसांपासून?" उत्तर येतं, "गेल्या पावसाळ्यापासून." म्हणजे जवळजवळ वर्षभर त्या घरातली माणसं वॉशिंग मशीनला चप्पल घालून, कोरडं फडकं धरून हात लावतायत. मशीन चालतंय ना, मग कशाला कोणाला बोलवायचं?

मी चिपळूणची. वडील तारतंत्री, म्हणजे वायरमन होते. मी आयटीआयला वीजतंत्रीचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि गेली अठरा वर्षं घरांचं वायरिंग करते. या अठरा वर्षांत एक गोष्ट घरोघरी पाहिली. लोक मुंग्या सहन करतात, जळका वास सहन करतात, पण बोर्ड बिघडला की स्वतःच पेचकस घेऊन स्टुलावर चढतात. व्हायला हवं ते बरोबर उलटं. मुंग्या आल्या त्याच दिवशी फोन करायचा, आणि बोर्डाचं झाकण मात्र बंदच ठेवायचं.

म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना एक सोपी खूण सांगते. जे काम झाकण न उघडता होतं ते तुमचं. स्क्रू फिरवल्याशिवाय जे होत नाही ते आमचं. तुमच्या बाजूचं कामही थोडं नाही, आणि बहुतेक घरांत ते कोणी करतच नाही.

मुंग्या म्हणजे काय

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. अंगातून साधारण एक मिलीअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, गेला की मुंग्या जाणवतात. दहा-पंधरा झाले की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 'विजेने धरून ठेवलं' असं लोक म्हणतात ते हेच. तीसच्या पुढे, आणि तेही काही क्षण टिकलं, तर श्वास आणि हृदय यांच्यावर बेततं. आता तुलना करा: नऊ वॅटचा एलईडी दिवा पेटायला साधारण चाळीस मिलीअँपिअर लागतात. एक दिवा जेवढी वीज खातो, तेवढी माणसाला पुरते.

आणि तुमच्या बोर्डातली एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप खाली पडणारं बटण? ती १६ अँपिअरची असेल तर सोळा हजार मिलीअँपिअरपर्यंत ती निवांत बसून राहते. ओल्या हाताच्या माणसातून शंभर-दीडशे मिलीअँपिअर गेले तरी तिला ते कळत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. "आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक बसला की पडेल," असं मला शिकलेली माणसंही सांगतात. नाही पडणार.

शॉकपासून वाचवतं ते अर्थिंग, आणि वीज कुठे झिरपली की लाईन तोडणारा बोर्डातला खटका, म्हणजे आरसीसीबी. मशीनच्या आतली वीज पत्र्यापर्यंत झिरपते तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर तिला जमिनीत नेते. ती वायर कुठेतरी तुटलेली असेल, नाहीतर मुळात जोडलेलीच नसेल, तर वीज पत्र्यावर थांबून राहते आणि तुमच्या हाताची वाट बघते. मुंग्यांचा अर्थ एवढाच: झिरप सुरू झाली आहे आणि तिला जमिनीत जायला वाट नाही. आज झिरप एक मिलीअँपिअर आहे. हीटरचं आवरण अजून थोडं फुटलं की किती होईल ते कोणालाच सांगता येत नाही.

तेव्हा मुंग्या आल्या की ते यंत्र भिंतीवरच्या बटणाने बंद करा, कोरड्या हाताने पिन काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ती परत घालू नका. रबरी चप्पल हा इलाज नव्हे. ओल्या न्हाणीघरात तर नाहीच नाही.

जांभ्यातलं अर्थिंग

आमच्याकडे जमीन जांभ्याची. पावसाळ्यात पाणी धरते आणि एप्रिल-मे महिन्यात दगडासारखी कोरडी होते. अशा जमिनीत अर्थिंगचा पाइप पुरला तर जुलैत चांगलं माप देतो आणि मे महिन्यात सगळं बदललेलं असतं. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. ते पाच ओहमच्या आत असावं असं आम्ही धरतो, पण उन्हाळ्यात मी इथल्या घरांत वीस ओहमच्या पुढचं मापही पाहिलं आहे.

वीस ओहम म्हणजे किती वाईट, ते हिशोबाने बघू. गीझरच्या आत फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, सुटून पत्र्याला लागली. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वीज अर्थिंगमधून जमिनीत जायला लागली. एमसीबी १६ची. ती पडतच नाही. गीझरचा पत्रा, नळ, शॉवर, सगळं जिवंत राहतं आणि बाहेर कोणाला पत्ता नाही. म्हणून मी नव्या घरात आरसीसीबीशिवाय काम घेत नाही. घरमालक पैशांवरून कुरकुरले तर दोन शोभेचे दिवे कमी करा म्हणते, पण ही वस्तू बसवायचीच.

आरसीसीबी एकच काम करते: फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे ती सतत मोजत असते. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात लाईन तोडते. तुमच्या बोर्डात ती आहे का, हे झाकण न उघडता बघता येतं. 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण शोधा आणि शेजारी ३० मिलीअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा आकडा आहे का ते वाचा. १०० किंवा ३०० लिहिलं असेल तर ती आगीपासून संरक्षणासाठी आहे, माणसासाठी नाही. आणि 'टी' बटणच नसेल तर तो नुसता आयसोलेटर, म्हणजे मोठं मेन बटण. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे खूप घरांत हा गैरसमज असतो.

महिन्यातून एकदा ते 'टी' बटण दाबा. लगेच खटका पडला पाहिजे. नाही पडला तर आरसीसीबी बदलायला हवी. मात्र खटका पडला म्हणजे अर्थिंगही चांगलं, असा अर्थ काढू नका. हे बटण अर्थिंग नसलेल्या घरातही चालतं. अर्थिंग किती आहे ते मीटर लावूनच कळतं. तुमच्या हातात एवढं आहे की फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून बादलीभर पाणी ओता, आणि आंघोळीच्या पाण्याची मोरी जवळून जात असेल तर खड्डा तिथेच घ्यायला सांगा.

अजून एक, जुन्या घरांसाठी. पूर्वी लोखंडी नळालाच अर्थिंगची वायर गुंडाळायची पद्धत होती. माझ्या वडिलांच्या काळात ती सर्रास होती. मग घरोघरी नळ बदलले, प्लास्टिकचे पाइप आले, आणि ज्याने नळ बदलले त्याला त्या वायरचं काम माहीत नव्हतं. आज त्या घरांत तिसऱ्या पिनेला हिरवी वायर आहे, नळाला वेटोळंही आहे, आणि अर्थिंग मात्र नाही. उलट पत्र्यावर आलेली वीज आता नळाच्या उरलेल्या लोखंडी तुकड्यावर येते. अशी वायर दिसली तर हात न लावता दाखवून घ्या.

तुमच्या बाजूचं काम

पहिलं काम म्हणजे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मेन बटण कुठे आहे ते माहीत हवं. अंधारात हात जायला हवा. मेनसमोर कपाट, सायकल, शेगडी लावू नका. प्रत्येक एमसीबीखाली तिच्या खोलीचं नाव लिहून चिकटवा. एकेक खाली पाडत काय बंद होतं ते बघायचं, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं म्हणजे भार ओळखायचा. यंत्रावर वॅट लिहिलेले असतात, त्याला २३० ने भागा. दोन हजार वॅटचं गीझर किंवा इंडक्शन शेगडी पावणेनऊ अँपिअर घेते. तीन हजारांचं इन्स्टंट गीझर तेरा. दीड हजारांची किटली साडेसहा. छोट्या पिनेचं सॉकेट सहा अँपिअरचं आणि मोठ्याचं सोळाचं असतं. म्हणजे मोठी पिन छोट्यात घुसवणारा कन्व्हर्टर लावून इंडक्शन चालवलीत, तर सहाच्या सॉकेटमधून जवळजवळ नऊ अँपिअर ओढताय. पहिल्या दिवशी काही होत नाही. पितळी पट्टी गरम होते, ढिली पडते, ढिली पडल्यावर आणखी गरम होते, मग काळी होते. स्वयंपाकघरातली बहुतेक जळकी सॉकेट मी याच कारणाने बदलली आहेत.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. तो मोबाइल, लॅपटॉप, पंखा यांच्यासाठी ठीक. त्याची वायर बारीक असते. त्यावर इस्त्री, हीटर, किटली नको. आता विजेवरच्या स्कूटर आल्यात आणि पडवीत एक्स्टेन्शन टाकून रात्रभर चार्जिंग चालतं, वर पागोळ्या. गाडी घेतलीत त्याच आठवड्यात तिच्यासाठी वेगळं १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतःच्या एमसीबीसह आणि आरसीसीबीखाली, बसवून घ्या. तीच गोष्ट विहिरीवरच्या पंपाची.

तिसरं, दर दोन-तीन महिन्यांनी जड यंत्रांच्या पिना तपासा. यंत्र अर्धा तास चालल्यावर बंद करा, पिन काढा आणि तिला बाहेरच्या प्लास्टिकवर हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला, पितळ काळवंडलं, प्लास्टिक वितळून वाकलं, तर ते सॉकेट वापरणं बंद. आणि नाकावर विश्वास ठेवा. बटणाचं प्लास्टिक तापलं की त्याला मासळीसारखा वास येतो. आमच्या कोकणात ही फार फसवी गोष्ट आहे. गोवळकोट रोडच्या एका घरात तीन दिवस सुकटीचा डबा शोधत होते, मी गेले तेव्हा फ्रिजमागचं सॉकेट अर्धं कोळसा झालं होतं.

बाकी बारीकसारीक: दिवा बदलताना बटण, मेन आणि घरात असेल तर इन्व्हर्टरही बंद करा, कारण जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर असतं आणि दिवा विझला तरी होल्डर जिवंत असतो. पिन हवी त्या मापाची नसली तर उघड्या वायरी सॉकेटात घालून काडीपेटीची काडी खोचायची सवय मोडा. आंघोळीआधी गीझर बंद. पाण्यात रॉड असताना बादलीत बोट घालून पाणी तापलं का बघायचं नाही, आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर. लहान मुलं असतील तर रॉड घरात नकोच, हे माझं ठाम मत.

एमसीबी पडली तर

एकदा पडली म्हणून घाबरू नका. त्या लाईनवरच्या सगळ्या पिना काढा, मग वर करा. राहिली तर एकेक पिन घालत जा. जिच्यामुळे पडते ते यंत्र दुरुस्तीला. सगळं काढूनही पडत असेल तर दोष भिंतीत आहे. पुन्हा पुन्हा वर करत बसू नका.

आरसीसीबी पडली तर सगळ्या एमसीबी खाली घ्या, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करा. जिच्यावर पडली ती लाईन खाली ठेवून बाकी घर चालू ठेवता येतं. पावसाळ्यात हा दोष बहुधा अंगणातल्या दिव्यात किंवा न्हाणीघराच्या पॉइंटमध्ये निघतो. सगळ्या एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी बसत नसेल तर तुमचं काम संपलं, फोन करा.

आणि हे तर कधीच करू नका: वारंवार पडते म्हणून ६ची एमसीबी काढून ३२ची बसवणं, किंवा जुन्या चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालणं. मग भार वाढला की फ्यूजऐवजी भिंतीतली वायर वितळते. आरसीसीबी 'सारखी पडते' म्हणून बाजूने वायर जोडून ती बायपास केलेली घरंही मला सापडतात. कोणी तसं सुचवलं तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनी हे नीट वाचा

मेन बंद केलं म्हणजे घर मेलं, असं धरून चालू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद झाल्याबरोबर तो स्वतःहून सुरू होतो आणि पंख्या-दिव्यांची लाईन तशीच जिवंत ठेवतो. लाईट गेलीय म्हणून निर्धास्तपणे बोर्ड उघडणाऱ्यांना शॉक बसतो तो यामुळेच. आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद करायचा, मग मेन. छतावर सोलर असेल तर इन्व्हर्टर बंद झाला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात, त्यांना कोणीही हात लावायचा नाही.

टेस्टरबद्दलही सांगते. तो पेटला तर लाईन आहे हे नक्की. पेटला नाही म्हणून लाईन नाही, हे नक्की नाही. टेस्टरचा उजेड तुमच्या अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर लागतो. प्लास्टिकच्या स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे असाल तर तो पेटणारही नाही. भर दुपारी पेटलेला दिसणारही नाही. आम्ही आधी चालू पॉइंटवर टेस्टर तपासतो, मग संशयाच्या जागी लावतो, मग परत चालू पॉइंटवर. शिवाय होल्डरला जोडलेला चाचणीचा दिवा असतोच.

२२ जुलै २०२१

त्या दिवशी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठेत तळमजले बुडाले. आधी २६ जुलै २००५ला वडिलांनी असंच पाणी पाहिलं होतं, त्यामुळे काय करायचं याची कल्पना घरात होती. पाणी ओसरल्यावर दोन महिने मी दुसरं काही काम केलं नाही.

चौथ्या दिवशी एका घरी गेले. घर धुऊन झालेलं, भिंती वरून कोरड्या, मालक मेनपाशी उभे. "ताई, सगळं सुकलंय, एकदा वर करून बघू?" मी बोर्ड उघडून दाखवला. आत एमसीबींच्या फटीत चिखल, पाइपांतून अजून पाणी ठिबकत होतं. भिंतीतल्या पाइपात साठलेलं पाणी आठवडे टिकतं.

शिवाय त्या घराच्या वरच्या मजल्यावर इन्व्हर्टर होता, तो पुरात वाचला होता, आणि त्याची एक लाईन खालच्या दिवाणखान्यात उतरत होती. मेन चार दिवस बंद. मी टेस्टर लावला तर पेटला. त्या चिखलात ओल्या पायांनी त्या घरातली बायकामुलं भिंती पुसत होती. त्या दिवसापासून मी पुराच्या घरात शिरताना पहिला प्रश्न इन्व्हर्टरचा विचारते.

पुराचं पाणी घरात यायची चिन्हं असतील तर पाणी यायच्या आधी, कोरड्या जागी उभं राहून इन्व्हर्टर आणि मेन बंद करा. पाणी आत आल्यावर, पाण्यात उभं राहून मेनला हात लावू नका, तेव्हा वीज कंपनीला बाहेरून तोडायला सांगा. ओसरल्यावर काहीही वर करू नका. बुडालेल्या एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट, बटणं सुकवून वापरायची नसतात, बदलायची असतात. आतल्या यंत्रणेत गाळ बसला की आरसीसीबी नेमकी गरजेच्या वेळी अडकते. वायर मात्र बहुतेक वेळा वाचते. ती वाचली का, हे ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज झिरपते का ते मोजणाऱ्या मीटरने, तपासतात. फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये किमान एक मेगाओहम यायला हवा. त्या पावसाळ्यात कितीतरी घरांत माप शून्याजवळ यायचं, मग आम्ही पाइपांची तोंडं उघडी ठेवून, पंखे लावून आठ-पंधरा दिवस थांबायचो आणि परत मोजायचो. लोक रागवायचे. मला ते कळायचं, अंधारात आणि चिखलात कोणाला थांबायचंय? पण मेगर हो म्हणेपर्यंत मी लाईन दिली नाही.

गणपतीला उघडणारं घर

मुंबई-पुण्याची माणसं गणपतीला चार दिवस गावी येतात. घर वर्षभर बंद. उंदरांनी वायर कुरतडलेली असते, मेनच्या पेटीत पाल मेलेली असते, आणि सॉकेटच्या भोकांत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं. ती माती खिळ्याने किंवा केसांच्या पिनेने कोरू नका. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट उघडून साफ करून घ्या.

पोचायचं ते उजेडात पोचा. सगळ्या एमसीबी खाली घ्या, मग मेन वर करा, मग आरसीसीबी, 'टी' दाबून बघा, मग एकेक लाईन, प्रत्येकीला पाच मिनिटं. माळा आरसीसीबीखालच्या सॉकेटलाच लावा, आणि मखराच्या कापडाआडून जोड देऊ नका. जोड दिसला पाहिजे. इलेक्ट्रिशियनला दोन आठवडे आधी सांगा. शेवटच्या चार दिवसांत आम्हा कोणालाच वेळ नसतो, आणि मग लोक शेजारच्या मुलाला पेचकस देतात.

पावसाळ्यात अजून एक जागा. कपडे वाळत घालायची लोखंडी तार एका टोकाला पत्र्याच्या शेडला बांधलेली असते. खांबावरून येणारी वायर वाऱ्याने त्या पत्र्यावर घासत राहते, तिचं आवरण जातं, आणि पत्रा, तार, ओले कपडे सगळं जिवंत होतं. आज ती तार काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. वायर पत्र्याला टेकत असेल तर शेडवर चढून ती सरकवू नका. खांबापासून मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, १९१२ला तक्रार करा. मीटरच्या पुढे घरातलं सगळं आपलं.

फोन कधी करायचा

मुंग्या, मासळीचा वास, बटण दाबताना चरचर, गरम भिंत, काळं सॉकेट: त्याच दिवशी. घरातले काही दिवे एकदम लख्ख आणि काही मंद झाले तर थांबूच नका, मेन बंद करा. न्यूट्रल तुटल्याची ती खूण आहे. अशा वेळी तुमच्या २३०च्या यंत्रावर चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. शेजाऱ्यांकडेही तसंच होत असेल तर १९१२, फक्त तुमच्याकडे असेल तर इलेक्ट्रिशियन. नवं गीझर, एसी, इंडक्शन आणण्याआधी फोन करा, आणल्यावर नाही. आणि घर पंचवीस-तीस वर्षांचं असेल, लाकडी पट्टीवरचं किंवा ॲल्युमिनियमच्या वायरीचं वायरिंग असेल, तर काही बिघडलेलं नसलं तरी एकदा तपासून घ्या.

माणूस कसा निवडायचा? राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्रीचा परवाना असतो, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असतं, आणि कंत्राटदाराचं लायसन्स वेगळं असतं. कामाच्या आधी परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नका. मला कोणी विचारलं तर मला बरं वाटतं. नवं मीटर किंवा भार वाढवायचा असेल तर टेस्ट रिपोर्ट लायसन्सवाल्या कंत्राटदाराचाच लागतो. मग विचारा: मेगर आहे का? अर्थिंग मोजून देणार का? दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, १६च्या सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार, असं सांगणारा माणूस ठीक. "एकच वायर सगळीकडे चालते" म्हणणारा नको. वायरीची गुंडाळी तुमच्यासमोर उघडू द्या, आयएसआयची खूण बघा. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी, हे रंग पाळतोय का ते बघा. पाइपाच्या आत जोड नको, जोड फक्त बोर्डात.

एका फसवणुकीवर मात्र नजर ठेवा. अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटातच न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या पिनेला जोडतात. दिवा लावून दाखवला की तो लख्ख लागतो, मुंग्या थांबतात, पैसे घेऊन माणूस जातो. पुढे न्यूट्रल कुठे तुटला की घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर पुरती २३०ची फेज येते. म्हणून मुंग्यांची दुरुस्ती पाच मिनिटांत झाली तर विचारा, "अर्थिंगची वायर कुठून आणली?" त्याने तुम्हाला अंगणातल्या खड्ड्यापर्यंत चालत नेऊन दाखवायला हवं.

कोणाला विजेने धरलं असेल तर त्याला हात लावू नका. मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. श्वास नसेल तर १०८ला फोन लावायला सांगून छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत. उठून बसला, बरा बोलू लागला, तरी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्या. यंत्र पेटलं तर पाणी नको, आधी वीज तोडा.

काम संपलं की मी घरातल्या सगळ्यांना बोर्डापाशी बोलावते. आरसीसीबीचं 'टी' बटण मी दाबत नाही, घरातल्या बाईंना दाबायला सांगते. खटका पडतो, घर अंधारतं, पोरं ओरडतात. मग मी त्यांनाच परत वर करायला लावते आणि बोर्डाच्या हाताने उघडणाऱ्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि अर्थिंगचं माप लिहिते. खाली पुढच्या बारा महिन्यांसाठी बारा रकाने आखून ठेवते. पुढच्या वेळी त्या घरी गेले की आधी ते रकाने बघते, मग चहा घेते.